सायकलवरचा लॉरेन्स

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा डेव्हिड लीनचा सिनेमा १९६२ सालचा. माझ्या पिढीने तो बराच उशिरा, कॉलेजचे तास बुडवून, मॅटिनीला पाहिला. पडदाभर पसरलेलं वाळवंट, उंटावर पांढऱ्याशुभ्र झग्यातला निळ्या डोळ्यांचा पीटर ओटूल, आणि मधेच आपला आय. एस. जोहर अरबी वेशात दिसला की थिएटरात उठणारी खसखस, हे सगळं अजून डोळ्यांपुढे आहे. तो सिनेमा सुरू होतो मोटारसायकलच्या अपघाताने आणि पुढचे तीन-साडेतीन तास राहतो उंटावर. त्यामुळे टी. ई. लॉरेन्स म्हटलं की लोकांना ही दोनच वाहनं आठवतात. खरा लॉरेन्स ओटूलपेक्षा चांगला वीतभर बुटका होता, पाच फूट पाच इंच. आणि त्याचं पहिलं वाहन होतं सायकल. उंट त्याच्या आयुष्यात आला तो कामापुरता. सायकल मात्र अगदी शेवटच्या वर्षापर्यंत त्याच्या सोबत होती.

गेली काही वर्षं मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचतो आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला असली माणसं आवडतातच; नाव बदलणारी, स्वतःपासून पळणारी. पण माझं कुतूहल जागं केलं ते त्याच्या युद्धातल्या पराक्रमाने नाही. विशीच्या उंबरठ्यावरचा एक पोरगा एका उन्हाळ्यात फ्रान्समधून चोवीसशे मैल सायकल मारतो, आणि तीही कशासाठी, तर किल्ले पाहण्यासाठी. आपल्याकडे गोनीदांनी गडकोट पायाखाली घातले, त्यांचं वेड पाहत आणि वाचत जी पोरं मोठी झाली त्यांना हा लॉरेन्स परका वाटणार नाही.

त्याचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमॅडॉग या लहानशा गावातला. घरातला नेड. पाच भावांतला दुसरा. वडील मूळचे आयर्लंडमधले जमीनदार, टॉमस चॅपमन. पहिली बायको आणि चार मुली मागे टाकून ते मुलींना सांभाळणाऱ्या सेरा नावाच्या तरुणीबरोबर निघून गेले. पहिल्या बायकोने घटस्फोट दिला नाही, त्यामुळे दुसरं लग्न कधी झालंच नाही. दोघांनी लॉरेन्स हे आडनाव घेतलं आणि संसार थाटला. पण एका गावात मुक्काम फार दिवस नसे. वेल्स, स्कॉटलंड, फ्रान्समधल्या ब्रिटनीचा किनारा, दक्षिण इंग्लंड, असं करत करत १८९६ साली हे कुटुंब ऑक्सफर्डला पोलस्टेड रोडवरच्या घरात स्थिरावलं. आई कमालीची धार्मिक आणि तितकीच कडक. आपण ज्याला पाप म्हणतो तेच आपल्या संसाराच्या पायात आहे, हे ओझं त्या बाईने जन्मभर वागवलं. नेडला हे गुपित लहानपणीच कळलं होतं. कळूनही बोलायचं नाही, असं ते घर.

वडील मात्र निवांत गृहस्थ. नोकरी-धंदा करण्याची गरज नव्हती. त्यांना दोन छंद, फोटोग्राफी आणि सायकल, आणि दोन्ही त्यांनी मुलाला दिले. त्या काळात ऑक्सफर्डमध्ये सायकलींचं मोठं पेव होतं. विल्यम मॉरिस नावाचा तरुण तिथे सायकली बनवायचा नि दुरुस्त करायचा. तोच पुढे मॉरिस मोटारींचा कारखानदार लॉर्ड नफिल्ड झाला. आपल्या रस्त्यांवर पन्नास वर्षं धावलेल्या अँबॅसेडरचं मूळही मॉरिसच्याच गाडीत, म्हणजे धागे कुठून कुठे जातात पाहा.

शाळकरी नेडने सायकलचा उपयोग केला तो जुन्या देवळांत जाण्यासाठी. इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या चर्चच्या फरशीत मध्ययुगीन सरदारांच्या थडग्यांवर पितळी पत्रे बसवलेले असतात, त्यांवर चिलखतासह त्यांची आकृती कोरलेली असते. त्यावर कागद पसरून मेणाचा खडू घासला की आकृती कागदावर उतरते. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तोच प्रकार. असे पुरुष-पुरुष उंचीचे ठसे घेत हा पोरगा मैलोन् मैल हिंडायचा. सोबतीला त्याचा शाळासोबती सिरिल बीसन. ऑक्सफर्डमध्ये एखाद्या इमारतीचा पाया खणला जात असला की ही जोडगोळी तिथे हजर. मजुरांकडून खापराचे तुकडे गोळा करून अ‍ॅशमोलियन संग्रहालयात नेऊन द्यायची. हा बीसन पुढे हिंदुस्थानात आला, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत जंगलातल्या किड्यांचा तज्ज्ञ झाला. १९४१ साली त्याने लिहिलेला भारतातल्या वनकीटकांवरचा जाडजूड ग्रंथ वनखात्यात कित्येक वर्षं वापरात होता.

या बीसनबरोबरच १९०६ च्या ऑगस्टमध्ये लॉरेन्स पहिल्यांदा फ्रान्समध्ये सायकलवर हिंडला. लहानपणी जिथे राहिला होता तीच ब्रिटनी. बीसन परतल्यावर तो एकटाच पुढे फिरत राहिला. दुसऱ्या वर्षी वडील बरोबर होते. नॉर्मंडीत सेन नदीच्या वळणावर, खडूसारख्या पांढऱ्या कड्यावर शातो गेयार नावाचा किल्ला उभा आहे. सिंहहृदयी रिचर्डने तो ११९६ ते ११९८ या अवघ्या दोन वर्षांत बांधला. त्याच्या भग्न बुरुजांसमोर हा एकोणीस वर्षांचा मुलगा खिळून राहिला. त्याला तिथे दिसला तो गोष्टीतला तलवारबहाद्दर राजा नव्हे, तर जमिनीचा चढउतार वाचणारा, कुठला दगड कुठे ठेवायचा हे जाणणारा बांधकामी माणूस. पुढे वडील थांबले आणि तो एकटाच ल्वार नदीच्या खोऱ्याकडे वळला.

या प्रवासांतून त्याने घरी लांबलचक पत्रं लिहिली. मी ती वाचली तेव्हा आधी जरा हिरमोड झाला. आईला लिहिलेल्या पत्रात मुलगा काय लिहील? जेवलो, झोपलो, आठवण येते. इथे पानंच्या पानं तटबंदीची जाडी, खंदकाची खोली, जिन्याचं वळण. मग लक्षात आलं की ही त्याची टिपणवही आहे. वही हरवू शकते. आई पत्र हरवणार नाही. आणि दुसरं असं की ज्या घरात मनातलं बोलायची सोय नाही, तिथे दगडांविषयी लिहिणं सोपं असतं. १९०८ साली घरच्यांनी बागेच्या टोकाला त्याच्यासाठी दोन खोल्यांची वेगळी बंगली बांधून दिली. आईच्या नजरेपासून तेवढं अंतर त्याला पुरलं नसावं, कारण त्याच उन्हाळ्यात त्याने सर्वांत लांबचा दौरा काढला.

तोवर तो ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात इतिहासाचा विद्यार्थी झाला होता. परीक्षेत प्रबंधाची सोय नव्याने झाली होती. त्याने विषय घेतला क्रूसेड्सचा, म्हणजे धर्मयुद्धांचा, युरोपच्या किल्लेबांधणीवर झालेला परिणाम. त्या वेळी जाणकारांचं मत असं की युरोपातले सरदार धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे गेले, तिथले भक्कम किल्ले पाहिले आणि ती विद्या घेऊन घरी आले. चार्ल्स ओमन यांच्यासारखा मातब्बर इतिहासकार त्या मताचा होता. आता रिचर्डचंच पाहा. तो ११९१-९२ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये लढला आणि परत आल्यावर त्याने शातो गेयार बांधला. ओघाने वाटणारच की तिकडे पाहिलं ते इथे केलं. लॉरेन्सला ते पटत नव्हतं. पण पटत नाही हे ग्रंथालयात बसून सांगण्यात अर्थ नव्हता. बाराव्या शतकातले फ्रान्सचे किल्ले स्वतः बघायचे, कुठल्या सालात काय बांधलं गेलं ते दगडावरून ताडायचं, आणि मग बोलायचं, असा त्याने निश्चय केला.

इथे मला माझे नोकरीचे पहिले दिवस आठवतात, ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कृष्णाकाठच्या एका शाखेत शेतीकर्जं माझ्याकडे होती. कागदावर विहीर असते, इंजिन असतं, दोन मुऱ्हा म्हशी असतात. पण नियम असा की अधिकाऱ्याने जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. त्याला आम्ही स्थळपाहणी म्हणायचो. जीप एकच आणि ती मॅनेजरसाहेबांची. मी कॅरियरला फाइल बांधून सायकलवर निघायचो. पांडवगड, वैराटगड डोक्यावर ठेवून बांधाबांधाने जायचं, म्हशीच्या कानातला बिल्ला वाचायचा, विहिरीत वाकून पाणी बघायचं. सायकलवरून जाणाऱ्याला जमीन कळते. नकाशात जी रेघ सपाट दिसते तिथे मांड्या भरून येतात, आणि मग हे गाव कालव्याच्या वर का राहिलं आणि त्याला पाणी का मिळत नाही हे कोणी सांगावं लागत नाही. लॉरेन्सच्या पत्रांत मला ही स्थळपाहणी दिसली. किल्ला जिथे आहे तिथे का आहे, हे त्याला चढ चढताना कळत होतं.

१९०८ च्या जुलैत तो ल आव्हर बंदरातून निघाला. एकटाच. आधी पूर्वेकडे, मग खाली दक्षिणेला. प्रोव्हँच्या जुन्या तटांवरून, व्हेझलेच्या टेकडीवरल्या मठावरून तो मध्य फ्रान्सच्या डोंगराळ मुलखात शिरला. व्हेझलेला बाराव्या शतकात दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली गेली होती आणि तिसऱ्यासाठी रिचर्ड व फ्रान्सचा राजा तिथेच एकत्र आले होते, तेव्हा ती वाट त्याने चुकवणं शक्यच नव्हतं. खाणं म्हणजे पाव, दूध आणि फळं. दारू नाही, तंबाखू नाही. एका दिवसात शंभर मैल हा त्याला फार मोठा पल्ला वाटत नसे. त्या काळची सायकल ध्यानात घ्या. रस्ते बहुतेक खडीचे, डांबर जवळजवळ नाहीच. फ्रान्सचे राजरस्ते सरळ आणि दुतर्फा झाडांचे. पण डोंगरात झाडंही नाहीत आणि सरळपणाही नाही. ल प्वी हे गाव ज्वालामुखीच्या सुळक्यांमध्ये वसलं आहे. एका सुळक्याच्या डोक्यावर चॅपल, वर जायला अडीचशेच्या वर पायऱ्या. आपल्या जीवधनशेजारच्या वानरलिंगीवर कोणी देऊळ बांधलं तर कसं दिसेल, तसं ते दिसतं. त्या पठारावर चढताना सायकल ढकलत न्यायची आणि मग रोन नदीच्या खोऱ्यात सुसाट उतरायचं. उतरलं की भट्टीसारखा उन्हाळा.

रोनच्या काठी क्रुसोलचा किल्ला उभ्या चुनखडीच्या कड्यावर आहे. तो पाहून तो आव्हिन्यों, आर्ल करत ले बो या उजाड कातळगावात पोहोचला. तिथल्या कड्यावरून खाली मैदान पसरलेलं आणि त्याच्या पार टोकाला, ढगाआडून ऊन आल्यावर, त्याला भूमध्य समुद्राची चंदेरी रेघ दिसली. दगडमातीची मापं लिहिणारा हा मुलगा त्या पत्रात एकदम वेगळा होतो. प्राचीन ग्रीक सैनिकांना समुद्र दिसल्यावर जे झालं असेल ते त्याला झालं. पुढे एग-मोर्त. या नावाचा अर्थच मेलेलं पाणी. दलदलीतलं चौकोनी तटबंदीचं गाव. १२४८ साली फ्रान्सचा राजा नववा लुई इथून धर्मयुद्धाला निघाला. लॉरेन्सने तिथे समुद्रात अंघोळ केली आणि त्याच्या मनाने घेतलं की हेच पाणी थेट सिरियाच्या, इजिप्तच्या किनाऱ्याला लागतं आहे. आपण अर्ध्या वाटेवर आलो. त्याच दलदलीतल्या डासांनी त्याला मलेरिया दिला असावा. तो पुढे जन्मभर अधूनमधून उलटत राहिला.

मग कार्कासोन, मग आल्बीचं लाल विटांचं कॅथीड्रल, जे देऊळ कमी आणि गढी जास्त दिसतं, मग कोर्द हे डोंगरमाथ्यावरचं गाव. सोळा ऑगस्टला त्याला वीस वर्षं पूर्ण झाली ती या वाटेवरच. उत्तरेकडे वळल्यावर तो शाल्यूला गेला. हे गाव लहान, किल्ला त्याहून लहान. पण ११९९ साली याच्या वेढ्यात रिचर्डला बाण लागला आणि त्यातच तो गेला. आदल्या वर्षी ज्याची सर्वांत मोठी करणी पाहिली, त्याच्या मरणाची जागा या वर्षी पाहिली. इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला असा हिशेब पुरा करावासा वाटतोच. शेवटी शार्त्रचं कॅथीड्रल. तिथे तो केवळ बघून जाणार होता आणि अख्खा दिवस रमला. किल्ल्यांच्या या दौऱ्यात त्याला सर्वांत हलवलं ते एका देवळाने, हे मला गमतीचं वाटतं.

फ्रान्स झालं. आता पूर्वेकडचे किल्ले बघितल्याशिवाय तुलना कशी होणार? म्हणून १९०९ च्या उन्हाळ्यात तो सिरियाला गेला. तिथल्या वाटा सायकलच्या नव्हत्या, तेव्हा पायी. अरबस्तान पालथा घातलेल्या चार्ल्स डाउटी यांनी पत्राने कळवलं की उन्हाळ्यात तिकडे पायी फिरणं शहाणपणाचं नाही. तो गेला. तुर्की सुलतानाच्या मुलखात फिरायला परवाना मिळवून दिला तो ऑक्सफर्डचे कुलपती लॉर्ड कर्झन यांनी. होय, तेच बंगालच्या फाळणीचे कर्झन. फाळणीचा राग असूनही एवढं म्हणावं लागतं की या गृहस्थाला जुन्या इमारतींची कदर होती. आपल्याकडचा पुरातत्त्व खात्याचा कारभारही त्यांनीच मार्गी लावला होता.

सुमारे अकराशे मैल चालून त्याने छत्तीस किल्ले पाहिले. तापाने चार वेळा आडवा झाला, बुटांचे तळ गेले, एकदा वाटेत मारहाण करून लुटलंही गेलं. क्रॅक दे शव्हालिए हा त्यांतला प्रसिद्ध किल्ला. पण त्याला भुरळ पडली सह्यूनची. तिथे डोंगरसोंडेच्या मुळाशी आरपार खंदक कापला आहे आणि त्या खंदकाच्या मधोमध, झुलत्या पुलाला आधार म्हणून, कातळाचा एक सुळका सुमारे २८ मीटर उंचीचा तसाच ठेवला आहे. हे दोन्ही किल्ले २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि २०१३ साली, यादवी युद्धामुळे, धोक्यातल्या वारशाच्या यादीत. क्रॅकवर तोफगोळेही पडले. लॉरेन्सने काढलेले नकाशे आणि फोटो अशा वेळी अभ्यासकांना मोलाचे वाटतात.

प्रबंधात त्याने ओमन आणि मंडळींचं मत उलटं केलं. विद्या पूर्वेकडून पश्चिमेला आली नाही. पश्चिमेचे लोक आपली विद्या घेऊन पूर्वेला गेले. शातो गेयारची मुळं फ्रान्समध्येच सापडतात. १९१० साली त्याला पहिला वर्ग मिळाला. आजचे अभ्यासक म्हणतात की देवघेव दोन्हीकडून झाली, बाविशीतल्या पोराने जरा जास्त जोर लावला. ते असेल. परंतु फोटो, नकाशे, हाताने काढलेली रेखाटनं अशा पुराव्यानिशी मतामागे उभा राहणारा विद्यार्थी विद्यापीठाला नवा होता. जे पाहिलं नाही ते सांगायचं नाही, ही त्याची शिस्त होती, आणि ती या सायकलच्या उन्हाळ्यांत तयार झाली असं मी मानतो.

त्यापुढचा भाग बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. १९११ पासून युफ्रेटिसच्या काठी कार्केमिश इथे उत्खनन. सोबतीला लेनर्ड वुली. मग पहिलं महायुद्ध, कैरोतलं हेरखातं. १९१५ मध्ये धाकटे दोन भाऊ, फ्रँक आणि विल, फ्रान्सच्या आघाडीवर गेले. ज्या देशात त्याने सायकलवरून सुखाचे उन्हाळे काढले त्याच मातीत. १९१६ साली अरबांनी तुर्कांविरुद्ध बंड पुकारलं आणि लॉरेन्स अमीर फैसलचा सल्लागार म्हणून गेला. १९१७ च्या जुलैत अकाबा, १९१८ च्या १ ऑक्टोबरला दमास्कस.

पण या पराक्रमाच्या पोटात एक गोष्ट सडत होती. अरबांना सांगितलं गेलं होतं की तुमचं राज्य तुम्हाला मिळेल. त्याच वेळी, १९१६ मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सायक्स-पिको करारात तो मुलूख आपसात वाटून घेतला होता. लॉरेन्सला युद्ध चालू असतानाच हे कळलं. तरी तो टोळ्याटोळ्यांत जाऊन ब्रिटनच्या शब्दाला स्वतःचा शब्द जोडत राहिला. त्याचं गणित असं, की अरब आधी दमास्कसला पोहोचले तर कराराचा कागद फाडावा लागेल. मी बँकेत तीस-पस्तीस वर्षं जामीनदारांचे चेहरे पाहिले. कर्जदार बुडवणार हे मनातून माहीत असलेला जामीनदार सही करताना कसा दिसतो, ते मला ठाऊक आहे. त्याच्या डोळ्यांत रक्कम नसते; उद्या गावात तोंड कसं दाखवायचं ते असतं. लॉरेन्सने आपल्या ‘सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम’ या ग्रंथात ही शरम लपवलेली नाही. ज्याने एका बुरुजाचं साल खात्रीने सांगता यावं म्हणून चोवीसशे मैल पायडल मारलं, त्याला न बघितलेल्या भविष्याची हमी माणसांना द्यावी लागली. आणि ती हमी खोटी ठरण्याची शक्यता त्याला ठाऊक होती. १९१८ च्या ऑक्टोबरात राजे पाचवे जॉर्ज त्याला मानचिन्ह देऊ लागले तेव्हा त्याने ते घेतलं नाही. १९२० साली फ्रेंच फौजांनी फैसलला दमास्कसमधून हुसकलं.

पुढची पंधरा वर्षं त्याने त्याचा चुकारा भरला असं म्हटलं तर चालेल. कर्नल लॉरेन्स १९२२ साली रॉस या नावाने हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांनी ते उघड केलं, त्याला काढलं. मग शॉ या नावाने रणगाडा दलात, तिथून १९२५ मध्ये परत हवाई दलात. १९२७ साली त्याने शॉ हे नाव कायदेशीर करून घेतलं. वडिलांनी एकदा आडनाव बदललं, मुलाने दोनदा. त्याच्या पुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती धडाक्याने खपली, पण तिच्यातला पैसा त्याने स्वतःला लावून घेतला नाही. तेव्हा तो होता कराचीत, हवाई दलाच्या तळावर कारकुनी करत. तिथून वझिरीस्तानात मिरानशाहला. रिकाम्या वेळात होमरच्या ‘ओडिसी’चं इंग्रजी भाषांतर. अफगाणिस्तानात अमानुल्लाविरुद्ध उठाव झाला, तेव्हा त्यामागे लॉरेन्स आहे अशी आवई उठली आणि सरकारने त्याला घाईने परत बोलावलं. १९२९ च्या जानेवारीत तो मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाला. आपल्या मुंबईशी त्याचा संबंध म्हणाल तर एवढाच.

या वर्षांत त्याला वेगवान मोटारसायकलींचं वेड लागलं. ब्रफ सुपीरियर या महागड्या बनावटीच्या एकामागून एक सात गाड्या त्याने वापरल्या. मला नेहमी वाटतं की हा सायकलस्वार राहिला असता तर. सायकलवर असताना तो बघत होता. मोटारसायकलच्या त्या वेगात बघायला काही उरत नाही. आणि बहुधा त्याला तेच हवं होतं.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी हवाई दलातली त्याची मुदत संपली. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर ब्रिडलिंग्टन इथे तो त्या वेळी होता. त्या दिवसाचा एक फोटो आहे. बंदराच्या भिंतीला टेकून सायकलवर बसलेला, गळ्याभोवती मफलर, शेहेचाळीस वर्षांचा माणूस. पेन्शन नाही, पैसा बेताचा; ब्रफ चालवणं परवडेल की नाही याची शंका, म्हणून पुन्हा सायकल. तिच्यावरून तो दक्षिणेकडे निघाला. वाटेत बोर्न या गावी फ्रेडरिक मॅनिंग या कादंबरीकार मित्राला भेटायचं होतं. मॅनिंगने महायुद्धातल्या साध्या शिपायांवर लिहिलेली कादंबरी त्याला फार आवडायची. रस्त्यातच कळलं की मॅनिंग वारला. मग त्याने सायकल पूर्वेला वळवली.

डॉर्सेटमधल्या क्लाउड्स हिल या त्याच्या झोपडीवजा घराला पत्रकारांनी घेरून ठेवलं होतं. ते हटल्यावर तो तिथे राहायला आला. १३ मे रोजी तो ब्रफवरून जवळच्या लष्करी छावणीच्या पोस्टात एक तार करायला गेला. परतताना रस्त्याला एक खोलगट उतार होता, पलीकडचं दिसत नव्हतं. चढावर आला तर समोर दोन पोरं सायकलवरून चाललेली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली. एका सायकलला चाटून तो पुढे फेकला गेला. एका पोराला किरकोळ लागलं, दोघेही वाचले. लॉरेन्स शुद्धीवर आला नाही. १९ मे १९३५ रोजी तो गेला.

त्याला वाचवायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा तरुण शल्यविशारद होता. त्याच्या मनातून ती डोक्याची जखम गेली नाही. मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा अभ्यास करून त्याने १९४१ मध्ये शिरस्त्राणाच्या उपयोगावर लेख लिहिला आणि ब्रिटिश सैन्यात निरोप्या मोटारसायकलस्वारांना ते सक्तीचं झालं. हेल्मेटसक्ती म्हटलं की आमचे पुणेकर मोर्चा काढतात, त्या हेल्मेटच्या उगमाशी लॉरेन्स आहे हे त्यांना सांगून उपयोग होईल असं वाटत नाही. तरी सांगून ठेवतो.

त्याचा विद्यार्थिदशेतला प्रबंध तोवर छापलेला नव्हता. तो १९३६ साली निघाला, दोन देखण्या खंडांत. एका खंडात प्रबंध. दुसऱ्यात सायकलवरून आणि सिरियातून घरी लिहिलेली ती पत्रं, आईने जपून ठेवलेली. परीक्षा झाल्यावर लॉरेन्सने आपल्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे लिहून ठेवले होते, कुठे शंका, कुठे दुरुस्ती. तेही त्यात तसेच छापले आहेत.